रताळ्याचं नाव बटाट्याला

आषाढी एकादशी, रात्री

सकाळी भाजीचे बटाटे उकडत होते आणि मी रताळी किसत होते. शेजारच्या लखनौच्या भाभी डोकावल्या, "आलू उबाल रही हैं?" म्हणाल्या. तेव्हापासून दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

बटाटा हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, एवढं शाळेपासून माहीत होतं. पण तो त्यांचाही नव्हे. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथे ताइनो लोक राहत होते. त्यांच्या भाषेत 'बताता' म्हणजे रताळं! बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. युरोपात दोन्ही कंद पोचले आणि नावांची सरमिसळ झाली. इंग्रजीतलं 'पोटॅटो'सुद्धा आधी रताळ्यालाच म्हणत. पोर्तुगीज बटाट्याला 'बताता' म्हणू लागले आणि रताळं झालं 'बताता दोस', म्हणजे गोड बटाटा. तेच नाव कोकणी, मराठी, गुजरातीत रुजलं.

मग आपलं रताळं? ते 'रक्तालु'वरून आलं, तांबडा आलु. संस्कृतात आलु म्हणजे कंद. उत्तरेत तो शब्द बटाट्याला मिळाला, आपल्याकडे अळूत राहिला आणि रताळ्यात लपला. म्हणजे सकाळी भाभींचा आलू माझ्या किसणीवर होता आणि रताळ्याचं नाव गॅसवरच्या पातेल्यात शिजत होतं. हे लक्षात आलं तेव्हा इतका आनंद झाला की हातातला कीस तसाच राहिला. दोन्ही कंद सातासमुद्रापलीकडचे, तरी आपण त्यांना उपासाच्या ताटात बसवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

नंतर मात्र ताइनोंचं वाचलं आणि मन खिन्न झालं. स्पॅनिश आल्यावर काही दशकांतच वेठबिगारीने आणि रोगराईने त्यांची वस्तीच्या वस्ती उजाड झाली. वंशज आहेत, पण ती भाषा आज कुणाची बोली नाही. आणि भाजीवाल्याकडे आपण रोज त्यांचा शब्द उच्चारतो, "अर्धा किलो बटाटे द्या."

संध्याकाळी भाभींना कीस दिला. त्या रताळ्याला शकरकंद म्हणतात. मी रक्तालुची गोष्ट सांगितली, त्यांनाही गंमत वाटली. ताइनोंचं सांगायचं राहिलं. उद्या द्वादशीला जेवायला बोलावलंय, तेव्हा सांगेन.