अनुभव आला, आता वही काढा

शेजारच्या काकूंच्या अंगात आलं की आपल्याकडे दहा शंका तयार असतात. स्वतःला काही दिसलं की मात्र, "माझा विश्वास नाही हां, पण..." त्या 'पण'च्या पुढे जे येतं ते घरच्या घरी तपासता येतं. अनुभव खोटा ठरवायची गरजही नाही. रात्री तीनला छातीवर भार जाणवला ना? मग जाणवला. तो मुंजाचा की झोपेचा, हा प्रश्न वेगळा.

पहिलं काम म्हणजे कुणाला सांगायच्या आधी लिहून काढणं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत हललेल्या पडद्याला हात फुटलेला असतो. वहीचं जोडपान घ्या. डावीकडे फक्त डोळ्यांना, कानांना, कातडीला जे कळलं ते, उजवीकडे त्याचा लावलेला अर्थ. "आजी येऊन गेली" हे उजवीकडे. डावीकडे "दाराशी पांढरट आकार, दाराच्या निम्म्या उंचीचा, दोन-तीन सेकंद". वरच्या कोपऱ्यात वेळ (घड्याळात पाहिलेली की अंदाजाची, तेही), कुठला दिवा चालू होता, आदल्या दोन रात्रींची झोप, घेतलेली औषधं, दारू. पानाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. वहीत मागची तारीख घालता येते, मेलला ती आपोआप पडते.

डावं पान वाटतं तितकं सोपं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला म्हणून लोकांनी बाटल्या भरून नेल्या, पाणी प्यायलेसुद्धा. चवीत खोट नव्हती. पावसाचं आणि मिठी नदीचं पाणी खाडीत उतरलं होतं, आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थर करून राहतं. पण मराठीत 'गोड' म्हणजे साखरेसारखं आणि खारं नसलेलंही. शब्द निवडतानाच चमत्कार डाव्या पानात शिरला. तिथे "नेहमीपेक्षा कमी खारट" असं लिहायला हवं होतं. (मिठीचं पाणी पिणं हा खरा धाडसी भाग, असो.)

छातीवर कुणी बसल्याचा अनुभव आयुष्यात एकदा तरी साधारण १०० पैकी ८ जणांना येतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पलंगावरून पडत नाही. कधी जाग आधी येते आणि ही पकड नंतर सुटते. डोळ्यांना खोली दिसते, स्वप्न तिच्यातच चालू राहतं, आणि मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की छाती साथ देत नाही, म्हणून भार. उताणं झोपणं, तुटलेली झोप आणि बदलत्या पाळ्या यांनी हे वाढतं. शेवटच्या लोकलने घरी आणि पहाटे पुन्हा प्लॅटफॉर्मवर, अशा माणसाला ते जास्त गाठणारच. चौदा रात्री कुशीवर आणि ठरलेल्या वेळी झोपून बघा. मात्र दिवसाही झोपेचे झटके येत असतील किंवा हसता हसता गुडघे लुळे पडत असतील, तर वही घेऊन थेट डॉक्टरकडे जा.

"त्या एकाच खोलीत होतं" असं असेल आणि सोबत डोकं दुखत असेल, तर प्रयोग करत बसू नका. गॅस गिझर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात पावलं ऐकणाऱ्या, माणसं दिसणाऱ्या एका अमेरिकन कुटुंबाची हकीकत १९२१ मध्ये तिथल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापून आली होती. दोष बिघडलेल्या भट्टीचा निघाला. धूप-लोबान नंतर.

आता लंबक. दोऱ्याला अंगठी बांधून 'हो-नाही' विचारणारी मंडळी लबाड नसतात, अंगठी खरंच फिरते. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच दाखवलं की ती आपल्याच हाताच्या नकळत हालचालीने फिरते. पंचवीस-तीस सेंटिमीटर दोरा बोटांत धरा, कोपर टेबलावर टेका, विचारा. मग तोच दोरा कपडे वाळवायच्या दांडीला बांधून, पंखा बंद करून विचारा. अंगठी गप्प.

"पण हाताला आतून कळत असेल तर?" रास्त शंका आहे. त्यासाठी दोन सारख्या स्टीलच्या वाट्या आणि एक रुपया लागतो. वाट्या घडी घातलेल्या टॉवेलवर उपड्या ठेवायच्या, नाहीतर नाण्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो. रुपया कुठल्या वाटीखाली ठेवायचा हे दुसऱ्याने मनाने ठरवायचं नाही, छापा-काटा करायचा. माणूस मनाने ठरवताना डावं-उजवं आलटून पालटून करतो, आणि आपणही तसेच अंदाज बांधतो. ठेवणाऱ्याने कागदावर लिहून, तुम्ही आत यायच्या आधी स्वयंपाकघरात जायचं. तो समोर उभा राहिला तर तुम्ही अंगठी नाही, त्याचा चेहरा वाचाल. मग अंगठी धरून विचारायचं, रुपया कुठल्या वाटीखाली. असं वीस वेळा. नुसत्या अंदाजाने सरासरी दहा बरोबर येतात. पंधरा किंवा जास्त यायची शक्यता शंभरात सुमारे दोन, म्हणून पंधराची रेघ आधीच मारून ठेवा. आले पंधरा, तर पुन्हा वीस. लागोपाठ दोनदा नशिबाने जमणं सुमारे २,३०० त एकदा. बहुतेक चाचण्या इथेच नासतात: आठातले सात बरोबर आले की थांबायचं, किंवा पहिले पाच चुकले की "तो सराव होता" म्हणायचं.

खरं झालेलं स्वप्न सगळ्यात चिवट. हिशेब करू. असं स्वप्न एखाद्याला दहा हजार रात्रींत एकदाच, तेही योगायोगाने पडतं असं धरा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती, म्हणजे रोज रात्री इथे सुमारे १,२४० जणांना ते पडणार. सकाळी त्यांतल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा येणार, आणि तो काटा खराच.

म्हणून स्वप्न सकाळी मोबाइल बघायच्या आधी लिहा, आणि त्याच वेळी हेही: काय घडलं तर जुळलं म्हणायचं, आणि किती दिवसांत. "लोकलचा अपघात" एवढंच लिहिलंत तर फसाल, रुळांवर काही ना काही घडल्याची बातमी इथे जवळपास रोज असते. कुठलं स्टेशन, कोण माणूस, आठवड्याच्या आत, एवढं तरी हवं. तीन महिन्यांनी वही उघडाल तेव्हा न जुळलेली स्वप्नं आधी मोजा. जुळलेली तशीही तोंडपाठ असतात.