तेरा पाऊणे पावणेदहा, आणि वाशीची खाडी

गेल्या पावसाळ्यात घराच्या गॅलरीतून येऊरच्या डोंगरावर उतरणारे ढग टाइमलॅप्सवर घेतले होते (ठरावीक वेळाने एकेक फोटो काढायचा, मग सगळे जोडून भराभर पळवायचे), आणि व्हिडिओ जोडून बघितला तर अख्खं आकाश जुन्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकत होतं. कॅमेरा ऑटोवर होता ना. दर फोटोला तो स्वतःच्या अकलेने उजेड ठरवत होता, पांढरा रंगही वेगळा धरत होता, आणि एकेका फोटोत कळतही नाही पण पंचवीस फोटो एका सेकंदात पळाले की सगळं बाहेर येतं. तेव्हापासून मनात होतं की एकदा नीट करायचं, सगळं मॅन्युअलवर टाकून, आणि ढग नको, खाडी. भरती येताना.

आता भरतीची वेळ कळायला ॲप्स आहेत, पण आमचे आजोबा (आईचे वडील, मालवणकडचे) तिथीवरून सांगायचे. तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ. मला त्रयोदशीचा रविवार मिळाला. तेरा पाऊणे पावणेदहा. खाडीत आतपर्यंत पाणी यायला जरा उशीर होतो, पण अंदाजाला पुरतं. म्हणजे उजाडताना बराच चिखल उघडा असणार आणि पुढच्या दोन-अडीच तासांत तो माझ्यासमोर बुडणार, झकास.

जानेवारी, त्यामुळे अंधारातच निघाले. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून वाशी लोकल. रविवारची पहाटेची ट्रान्स हार्बर म्हणजे चैन असते, ट्रायपॉड शेजारच्या सीटवर आडवा टाकला तरी कोणी काही बोलत नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली कधी गेलं कळलं नाही, पेंगत होते. वाशीला उतरून रिक्षाने सागर विहार. तिथं खाडीच्या कडेला उभं राहिलं की डावीकडे लांब वाशीचा पूल, समोर चिखल आणि चिखलात फ्लेमिंगो. हा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही गेला, पण जवळून वास मात्र तोच, खारट आणि थोडा कुजका. नाकाला दहा मिनिटांत सवय होते.

दोन फोटोंमध्ये चार सेकंदांची गॅप लावली. हिशोब सोपा, अडीच तासांत २२५० फोटो, म्हणजे दीड मिनिटाचा व्हिडिओ. सव्वासातला पहिला क्लिक झाला, आणि मग काय, काहीच नाही. बसायचं. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, ट्रायपॉडजवळ पाय आपटायचे नाहीत, उजेड वाढत जातो म्हणून मधे दोनदा शटरचा वेग बदलावा लागला तेवढाच उद्योग (ते दोन झटके व्हिडिओत दिसतात, कळणाऱ्याला कळतात).

माकडटोपी घातलेले एक काका फिरायला आले होते. लांबच थांबले. "व्हिडिओ चालूय का? मी जाऊ का नको समोरून?"

म्हणलं, जा ना काका, तुम्ही दिसणारच नाही. त्यांना ते फारसं आवडलं नसावं. मग समजावलं की तुम्ही आठ सेकंदांत इथून पार होणार, म्हणजे दोन फोटो, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत गायब. "आणि बसलो तर?" वीस मिनिटं बसलात तर बारा सेकंद दिसाल. काकांनी मनातल्या मनात भागाकार करून बघितला आणि खरंच फ्रेमच्या कडेला एका दगडावर जाऊन बसले, टोपी काढून, केस सारखे करून. मधेच तिथूनच ओरडून विचारलं, "हललं तर चालेल का गं?"

या काकांमुळे मला जे इतके दिवस नीट सांगता येत नव्हतं ते सापडलं. सगळे विचारतात टाइमलॅप्समध्ये एवढं काय आहे, फास्ट फॉरवर्डच तर आहे. नाहीये. फास्ट फॉरवर्डला आधी सगळं घेतलेलं असतं. इथं आपण गॅप ठरवतो तेव्हाच ठरतं की कोणाला दाखवायचं आणि कोणाला गाळायचं. एका सेकंदाची गॅप ठेवली तर माणसं हिरो. चार-पाच ठेवली की पाणी. वीस-तीस ठेवली तर सावल्या. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, लंडनहून कॅमेरा आणल्यावर, कुंडीत वाटाणा पेरून दिवसाला एकेक फ्रेम घेत महिनाभराहून जास्त काळ घालवला, तेव्हा हिरो होता वाटाण्याचा कोंब. तेच चित्रण दाखवून त्यांनी पैसे लावणाऱ्याला पटवलं आणि पुढच्या वर्षी हरिश्चंद्र आला. आपल्या सिनेमाच्या आधी टाइमलॅप्स आहे हे मला फार भारी वाटतं, आणि त्या महिन्यात त्यांच्या घरी ती कुंडी कोणी हलवली कशी नाही हा प्रश्नही पडतो.

खाडीकडे येते. मी गेले होते फ्लेमिंगोंसाठी, खोटं कशाला बोला. आणि डोळ्यांना ते दिसतही सुंदर होते, माना खाली घालून चिखल चाळत हळूहळू चालणारे. घरी येऊन व्हिडिओ जोडला तर एकही पक्षी पक्ष्यासारखा दिसेना. तव्यावर मोहरी तडतडावी तसे गुलाबी ठिपके नुसते. हिरमोडच झाला. तिसऱ्यांदा बघताना मात्र लक्षात आलं की ठिपके तडतडतायत, पण अख्खा थवा मिळून एक रेघ आहे, आणि ती रेघ पाण्याच्या कडेबरोबर सरकतेय. पाणी इंचभर पुढे की रेघ इंचभर मागे, साडीचा काठ कोणीतरी हळूच ओढून घेतल्यासारखी. तिथं अडीच तास बसून मला हे दिसलं नव्हतं! एकेका पक्ष्याकडे बघत होते ना मी. शेवटी उभं राहायला जागा उरली नाही तेव्हा सगळे उठले, बहुतेक सीवूड्सकडच्या तळ्यांकडे, भरतीला ते तिकडे जाऊन बसतात. व्हिडिओत ते उठणं म्हणजे जेमतेम एक सेकंद. फुंकर मारल्यासारखं.

आणि पाणी. मला वाटलं होतं भरती समोरून चादरीसारखी येते. नाही हो. ती आधी चिखलातल्या बारीक बारीक चरांमधून येते, पिंपळाच्या पानावरच्या शिरा भराव्यात तशी, आणि कितीतरी वेळ पक्ष्यांच्या पाठीमागे पोचलेली असते, मग मधला चिखल वरून वरून बुडतो. मी तो भाग पन्नासेक वेळा बघितला असेल.

काका बारा नाही, चांगले वीस सेकंद आहेत. बसूनच राहिले शेवटी. सगळ्या फ्रेममध्ये तेवढेच काय ते स्थिर, फक्त डोकं डुगडुगतंय.

परत येताना ठाण्याला स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, आणि उरलेल्या बॅटरीत संध्याकाळी तलावपाळीवर दोन सेकंदांच्या गॅपने एक केला, शटर अर्धा सेकंद उघडा ठेवून. गर्दीची नुसती वाफ झाली, आणि फुगेवाला तेवढा ठाम उभा. बरा आलाय, पण खाडीची सर नाही.

आता फाळके डोक्यात बसलेत. काल किचनच्या ओट्यावर कॅमेरा लावला, समोर भिजवलेली मटकी, पाच मिनिटांची गॅप, चोवीस तासांत २८८ फोटो, साडेअकरा सेकंद. आईने येऊन बघितलं आणि म्हणाली, अगं फडक्यात बांधल्याशिवाय मोड कसे येतील? म्हणलं, बांधली तर दिसणार कशी? तिने अर्धी मटकी काढून घेतली, घट्ट पुरचुंडी बांधून डब्यात ठेवली आणि म्हणाली, ही माझी उद्याच्या उसळीची, तुझी तू बघत बस.