रोज भाकरीच का?

मधल्या सुट्टीत डबा उघडला की शिक्षकखोलीत कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, आजही भाकरी आणि घेवडा? डाएट चालू आहे का?" "आवडतं मला" एवढं बोलून मी विषय मिटवते. पण परवा आमच्यात नव्याने रुजू झालेल्या मॅडमनी हाच प्रश्न काळजीने विचारला. त्यांच्या आईची साखर नुकतीच वाढलेली निघाली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून, मॅडम, आज नीट सांगते.

माझं सासर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. इथल्या वाघ्या घेवड्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात तो त्याआधी कितीतरी पिढ्या शिजतोय. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. सासूबाई रात्री झोपण्याआधी मूठ मूठ मोजून तो भिजत घालायच्या आणि सकाळी ते पाणी ओतून द्यायच्या. "घेवडा कच्चा ऱ्हायला तर पोट धरून बसशील," असं मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ते अगदी खरं आहे. राजम्याच्या जातीच्या कच्च्या दाण्यात एक विषारी घटक असतो, तो नुसत्या मंद आचेवर जात नाही. खळखळून उकळी यायलाच हवी. कुकरमध्ये दाणा बोटाने दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे, मगच कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला.

सहा वर्षांपूर्वी माझीही साखर वाढलेली निघाली. तेव्हा मला सगळ्यांनी सांगितलं, ज्वारी खा, साखर पळून जाईल. मी पोळी सोडली आणि जेवताना तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या. तीन महिन्यांनी तपासलं तर आकडा जिथल्या तिथे. ज्वारीतही पिष्ट असतंच, तेव्हा तिला औषध समजू नका. फरक पडला तो ताटातलं माप बदलल्यावर: भाकरी दीड, घेवडा किंवा मटकीची मोठी वाटी, शेजारी मेथीची किंवा चाकवताची भाजी, कच्चा कांदा, लिंबाची फोड. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी केल्या नाहीत, आईंनाही तेच सांगा.

हे ताट का चालतं, ते कळलं तेव्हा मला आपल्या जुन्या बायकांचा फार अभिमान वाटला. 100 ग्रॅम कोरड्या घेवड्यात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात. पण धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो कडधान्यात भरपूर असतो. आणि कडधान्यात जो मेथिओनिन कमी, तो धान्यात मिळतो. भाकरी आणि आमटी एकमेकींची उणीव भरून काढतात. लिंबू पिळलं की डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला मदत होते. मोड आणले की तेच लोह आणखी मोकळं होतं. जवसाची चटणी मात्र कुटूनच करा, अख्खा जवस पोटातून तसाच निघून जातो. आणि पिठाचा कोंडा चाळून टाकू नका, तंतू त्यातच असतात. भाकरी तुटते म्हणून पीठ दळायचं ते आठ-दहा दिवसांपुरतंच. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की उकळीचं पाणी घालूनही ते नीट थापलं जात नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. दूध, अंडी, मटण सगळंच सोडायचं ठरवलंत तर बी-12 कुठल्याही डाळीत किंवा भाजीत मिळणार नाही. त्याची गोळी घ्यावी लागते. आमच्याकडे ताक रोज असतं आणि जत्रेला मटण होतं. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता दुसरं कारण. हे मी शिक्षकखोलीत कधी बोलत नाही, कारण बोलता बोलता गळा दाटून येतो.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. वडिलांच्या वेळी शेतात उसाबरोबर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि हरभराही असायचा. पुढे पाणी मुबलक झालं आणि सगळीकडे ऊसच ऊस. आडसाली ऊस 16-18 महिने रानात उभा असतो आणि पाणी पीतच राहतो. भावाला मी दोष देत नाही, उसाला दर ठरलेला असतो, शाळूला काय मिळेल ते कुणी सांगू शकत नाही. पण ओढ्याकडेच्या सव्वा एकरात पाणी मुरायला जागा उरली नाही. खालचे क्षार वर आले. उन्हाळ्यात तिथे चाललं की पायाखाली पांढरा पापुद्रा चुरचुरतो, जिभेला लावलं तर खारट. आपल्या जमिनीची चव खारट लागणं काय असतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

सासरी माण-खटावच्या बाजूला मात्र परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू काळ्या मातीतल्या ओलाव्यावर आणि थंडीच्या दवावर साधारण चार महिन्यांत हाती येतो. दाणा माणसाला, कडबा जनावराला. चवळीचं रोप उपटून मी पाचवीच्या मुलांना दरवर्षी दाखवते. मुळांवरची गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी निघते. त्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे पुढच्या पिकाला युरियाचं पोतं कमी लागतं. मुलं एकदम गप्प होऊन बघतात.

म्हणून मॅडम, डब्यातली भाकरी माझ्या साखरेसाठी आहे, तशी त्या सव्वा एकरासाठीही आहे. मी शाळू आणि घेवडा खाल्ला, शेजारणीने खाल्ला, तर तो पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक राहील. आता घेवडा मी ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच वर्षाचा एकदम घेते, उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरते. आईंसाठी दोन किलो काढून ठेवलाय, सोमवारी आणते.

भावाने गेल्या वर्षी त्या खारट रानात पाणी निघून जायला चर काढले आणि हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडला. यंदा एका कोपऱ्यात शाळू टाकलाय. उगवण विरळ आहे, पण कणसं धरलीत. हुरड्याला ये म्हणालाय.