मोठीमाय काय म्हणाली

गडचिरोलीकडे गावात नोटीस लावून ती कोणी वाचू नये असं वाटत असेल, तर तेंदूपत्त्याच्या हंगामात लावावी. पहाटे सगळे जंगलात, दुपारभर अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे विकायच्या जागी. पंचायतीच्या भिंतीकडे बघतो कोण? मी ग्रामसभेचा सचिव. शिक्का आणायला गेलो म्हणून खाणीच्या जनसुनावणीचा तो कागद मला दिसला.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, शंभरेक किलोमीटरवर. २००६ ची पर्यावरण अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्या. आता जवळ म्हणजे किती, हे बुडाखाली सरकारी गाडी असणारा ठरवतो.

दोन काळीपिवळ्या करून निघालो. मोठीमायही आली. तिला मराठी येते, पण भांडण आणि देवाचं काही असलं की ती गोंडीतच बोलते. त्या दिवशी दोन्ही होतं.

माईक हातात घेऊन ती दहा मिनिटं बोलली. खरं तर बोलली नाही, चालली. घराच्या मागून निघाली, नाला ओलांडला, कोणत्या घराचा मोह कुठे आहे ते एकेक झाड घेत सांगितलं, पेनठाण्यापाशी, म्हणजे देवाच्या जागेपाशी थांबली, मग तापाची मुळी मिळते त्या उतारावर गेली. पलीकडे तिचं पहिलं लेकरू पुरलंय. साहेब माझ्याकडे वळले, "थोडक्यात सांगा." मी म्हणालो, "जंगल जाईल, देव तिथे आहे, म्हणतात." संपलं. शरमेची गोष्ट आहे, पण इतकंच बोललो.

शेवटी नियमाप्रमाणे कामकाजाचा सारांश वाचून दाखवला. त्यात होतं : 'स्थानिक महिलेने योग्य मोबदला व रोजगाराची मागणी केली.'

मोठीमायनं बाही ओढली. "बाबू, मोबदला म्या कवा म्हटला?"

या सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, हे मला नंतर कळलं. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती चालते. वनहक्काच्या ग्रामसभेला मात्र निम्मी माणसं लागतात, त्यांत एक तृतीयांश बाया. नियमगिरीत, ओडिशात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ग्रामसभा गावातच भरल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून येऊन बसले आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. म्हणजे गावात येऊन विचारता येतं. आमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावात निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकजण अडला तरी बैठक पुन्हा बसते. वेळ खातं ते. मला स्वतःला कधीकधी कंटाळा येतो.

पेसात, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्यात, १९९६ पासून, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी 'विचारविनिमय' करा असं आहे. संमती हा शब्द २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आला, अनुसूचित क्षेत्रांसाठी. पण संमती घ्यायची तरी समोरचा काय म्हणाला ते आधी कळायला हवं, आणि दुभाषा माझ्यासारखा निघाला तर?

तेंदू संपल्यावर ग्रामसभा घेतली, गोटुलात, गावाच्या बैठकीच्या घरात. मोठीमायला म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश. ठराववहीची साडेतीन पानं भरली, त्यात नुसती ठिकाणांची नावंच चौदा. वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. सातव्या नावाला तिनं हात वर केला.

"आधी नाला येते. मंग मोह. खोड ते."

मी खोडलं.