‘इतर’वर खूण केली आणि तीन आठवडे गेले

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पुढचं नाही वाचलं तरी चालेल. लाउडस्पीकरच्या परवानगीच्या अर्जात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ असा रकाना असतो. त्यात ‘इतर’वर खूण करू नका. भजनावर करा, व्याख्यानावर करा, काय वाट्टेल ते करा, पण ‘इतर’च्या वाटेला जाऊ नका. मी गेलो. त्या एका खुणेपायी तीन आठवडे, ऑफिसच्या चार अर्ध्या रजा आणि आईच्या मते घराण्याची थोडीफार अब्रू गेली.

मी नॉइज वाजवतो. म्हणजे काय, हे लग्नकार्यात विचारलं की मी ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणून सुटका करून घेतो, पण इथे खरं सांगायला हरकत नाही. स्टीलच्या ताटाला किंवा पंख्याच्या जाळीला पिझोची चकती (थरथर पकडून तिची वीज करणारी) चिकटवायची, ती अँप्लिफायरला जोडायची आणि ताटावरून चमचा, खिळा, कधी नुसतं नख फिरवायचं. ही चकती पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत वीस रुपयांच्या आत मिळते. घ्यायच्या तर पाच घ्या, दोन सोल्डर करताना जातातच. दुसरं माझं वाद्य म्हणजे आठ चॅनलचा जुना मिक्सर, स्वयंपाकघरातला नव्हे, साउंडवाल्यांकडे असतो तो. त्याचा आउटपुट त्याच्याच इनपुटात खोचायचा. बाहेरून आत काहीच जात नाही, मिक्सर आपला आपल्यालाच ऐकत बसतो. मग नॉब केसभर फिरवला की शिट्टी येते, अजून केसभर फिरवला की तिचं गुरगुरणं होतं, आणि दोन चॅनल एकमेकांत अडकले की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं काहीतरी सुरू होतं, जे पुन्हा कधीच तसंच येत नाही. दिवसा मी एका कंपनीत टेस्टिंगला आहे. या कलेवर माझं पोट नाही, माझ्या पोटावर ही कला चालते.

आजवर गच्च्यांवर आणि मित्रांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये वाजवलं. यंदा पहिल्यांदाच साठ खुर्च्यांचा हॉल घेतला. आणखी दोघं वाजवायला तयार झाले, विकायला चाळीस कॅसेट घरीच भरून झाल्या, पोस्टर झालं. हे सगळं आठवड्याभरात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हॉलच्या व्यवस्थापकांना दोन कागद हवे होते. पहिला, सिनेमाची किंवा दुसऱ्या कुणाची गाणी वाजणार नाहीत याची लेखी हमी. रेकॉर्ड केलेल्या गाण्यांच्या हक्कांचं पीपीएल बघते, शब्द आणि चालीचं आयपीआरएस. मी कुठल्याच संस्थेचा सभासद नाही आणि वाजवणार ते जागच्या जागी सुचलेलं, तेव्हा एका पानावर काम भागलं. तुम्ही सभासद असाल तर मात्र आधी विचारून घ्या, कारण सभासदाने आपले हक्क संस्थेकडे सोपवलेले असतात, आणि मग स्वतःचंच वाजवतोय हे उत्तर पुरत नाही.

दुसरा कागद पोलिसांचा. बंद हॉलला कशाला परवानगी, असं मलाही वाटलं होतं. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते, मग वेळ कुठलीही असो. रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी आहे त्यातून सभागृहासारख्या बंद जागा सुटतात, तो मुद्दा वेगळा. परवानगीतून त्या सुटत नाहीत.

तर मी ऑगस्टमध्ये अर्ज घेऊन गेलो. हीच पहिली चूक. गणपतीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात परवानगी मागायला जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचाऱ्याकडे कपभर चहा मागण्यासारखं आहे. नवरात्र होईपर्यंत तिकडे फिरकू नका. आमच्याकडे हे काम गोपनीय शाखेच्या टेबलावर होतं. नाव ऐकून दार बंद असेल असं वाटतं, पण टेबल जिन्याखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

टेबलावरचे हवालदार वयाने मोठे, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं एकदम अदबशीर.

“कार्यक्रम कसला?”

“नॉइज म्युझिकचा, साहेब.”

“मराठीत सांगा.”

इथे मी घोळ घातला. खरखर म्हणता आलं असतं, कल्लोळ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “गोंगाट.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “गोंगाट करायला पोलिसांची परवानगी मागताय?”

मागे रांगेत हशा पिकला. मी कानकोंडा होऊन सांगायला लागलो की हा संगीताचाच प्रकार आहे, पण भजन नाही, ऑर्केस्ट्रा नाही, शास्त्रीय तर नाहीच. ते शांतपणे म्हणाले, “मग इतर.” मी ‘इतर’वर खूण केली. मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं, की बघा, खोटं काही लिहिलं नाही. ‘इतर’ असेल तर मोठ्या साहेबांचा शेरा लागतो आणि सोबत कार्यक्रमाची माहिती जोडावी लागते, हे खूण झाल्यावर कळलं.

घरी येऊन मी दोन पानी टिपण लिहिलं. इटलीतल्या लुइजी रुसोलोने १९१३ साली यंत्रांचे आवाज हेही संगीतच असं म्हणून दांडा फिरवून वाजवायची खोकी बनवली, जपानचे मासामी अकिता १९७९ पासून ‘मर्झबो’ या नावाने हेच करतात, वगैरे. मग वाटलं, ही परदेशी थेरं म्हणून बाजूला ठेवतील. म्हणून अहमदाबाद घातलं. १९६९ साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग नावाच्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा, स्टुडिओ उभा केला आणि गीता साराभाई, एस. सी. शर्मा अशा आपल्या लोकांनी टेपवर काय काय करून ठेवलं. त्या टेपा कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. हे लिहिताना माझाच ऊर भरून आला. पोलीस ठाण्यात नेण्याआधी मी ते पान आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “वाद्यवादन लिही ना मेल्या, कोण बघायला येतंय?”

मी लिहिलं नाही. का, ते आता नीट सांगता येत नाही. तीस-चाळीस लोकांसमोर वाजवायच्या गोष्टीचं नावसुद्धा चोरून लिहायचं, हे पटलं नाही एवढंच.

हवालदारांनी टिपण उभ्याउभ्या वाचलं. रुसोलोवरून नजर गेली, अहमदाबादवरून गेली, आणि एका ओळीवर थांबली. त्यांनी लाल पेन काढून माझ्या ‘ध्वनीप्रदूषण’मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “आणि हे बघा, कायदासुद्धा ध्वनी म्हणतो. गोंगाटप्रदूषण नाही म्हणत. तुम्ही स्वतःच का म्हणता?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बारा वर्षं मी हे वाजवतोय, त्याचं मराठी नाव मला जिन्याखालच्या टेबलावर कळलं. मी ‘गोंगाट’ खोडून ‘ध्वनिप्रयोग’ केलं. पण खूण ‘इतर’वरच होती, आणि शाईने केलेली खूण खोडायची म्हणजे नवा अर्ज, नवी तारीख, दहा रुपयांचं नवं कोर्ट फी तिकीट. (तिकिटं दोन-तीन जवळ ठेवाच. जवळचा झेरॉक्सवाला नेमका तेव्हा जेवायला गेलेला असतो.)

पुढे साहेबांची वाट बघणं. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला शांतता समितीची बैठक. पाचव्या खेपेला साहेब होते, पण माझी फाइल कुणाच्या तरी मिरवणुकीच्या मार्गाच्या नकाशाखाली गेलेली. त्या दिवशी बाकावर माझ्यानंतर एका मंडळाची चार पोरं आली. ढोल-ताशाचा सराव, रोज संध्याकाळी, नदीकाठी. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटांत त्यांचा कागद झाला. मला त्या पोरांचा राग नाही. मी स्वतः दोन वर्षं पथकात ताशा वाजवलाय, आणि हे आवाजाचं वेड लागलं ते तिथेच, लक्ष्मी रस्त्यावर दोन्हीकडे इमारती आणि मधोमध चाळीस ढोल असताना. तिथे एका क्षणी ठेका ऐकू येईनासा होतो आणि नुसतं छातीत काहीतरी थरथरत राहतं. मला तेवढाच भाग साठ खुर्च्यांत बसवायचा होता. पण त्यांच्यासाठी रकाना होता, माझ्यासाठी ‘इतर’ होतं.

सहाव्या खेपेला मी मिक्सरच पिशवीत घालून नेला, सोबत हातात मावेल एवढा बॅटरीवरचा स्पीकर. साहेबांनी फाइल उघडली. “वाद्य कोणतं?”

मी मिक्सर टेबलावर ठेवला.

“हा मिक्सर झाला. वाद्य कुठंय?”

“हेच, साहेब.”

प्लग मागितला. हवालदारांनी मोबाइल चार्जरचा प्लग काढून दिला. मी वायर खोचली, फेडर आणि गेन हळूच वर घेतले. बारीक शिट्टी आली, मग ती जाड झाली, मग तिच्या पोटातून टकटक सुरू झालं. साहेबांनी हात वर केला. मला वाटलं, संपलं. त्यांनी हवालदारांना पंखा बंद करायला सांगितला. डोक्यावरचा पंखा थांबेपर्यंत सगळे गप्प होते. मग आणखी अर्धा मिनिट ते ऐकत राहिले.

“हा फीडबॅक आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे झेंडावंदनाला दरवर्षी येतो. साउंडवाला घालवता घालवता घामाघूम होतो. तुम्ही मुद्दाम आणता?”

“हो.”

“आणि लोक तिकीट काढतात?”

“दोनशे रुपये.”

त्यांनी शेरा मारला. परवानगीच्या कागदावर टाइप होऊन आलं, ‘इतर (मिक्सर वादन), सायं. ६ ते ९.३०’. मी तो कागद घरी काचेत बसवलाय. आईने त्याची जागा फ्रिजच्या वर ठरवली आहे.

आवाजाच्या मर्यादेचं सांगायचं राहिलं, आणि ते जास्त उपयोगाचं आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. पण मोजतात ते सार्वजनिक जागेच्या हद्दीवर. तिथे भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी भागातल्या आमच्या हॉलसाठी फाटकावर ६५. आत तुम्ही काय करता यापेक्षा भिंतीतून आणि खिडकीतून काय निसटतं हे बघा. आम्ही खिडक्यांना जुन्या गाद्या लावल्या आणि स्पीकरखाली रबरी पाट ठेवले. शांतता क्षेत्राचा वाद नको म्हणून शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरच्या बाहेरचाच हॉल घ्या. दुसरं असं की मर्यादा डेसिबल ‘ए’मध्ये असते. त्या मापात खर्जाचा आवाज कमी धरतात, कारण माणसाचा कान तो कमी ऐकतो. ५० हर्ट्झची घरघर असेल तर मीटर जवळजवळ ३० डेसिबल वजा करून दाखवतो. किंकाळीसारखा दोन-तीन हजार हर्ट्झचा आवाज मात्र पुरेपूर मोजतो, उलट किंचित जास्तच. म्हणून किंचाळणं दोन-दोन मिनिटांत आटपा आणि बाकी वेळ खाली राहा. अर्थात हे मीटरचं गणित झालं. शेजाऱ्याची कपाटं खर्जानेच खडखडतात, त्याला डेसिबल ‘ए’ समजावता येत नाही. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतं वापरा, त्यावर कुणाशी भांडायला जाऊ नका.

कार्यक्रमाच्या दिवशी मित्र मीटर घेऊन फाटकावर उभा होता. आम्ही सुरू करायच्या आधीच, नुसत्या रिक्षांनी, आकडा ७१ होता. सुरू केल्यावर तो आत धावत आला आणि कानाशी ओरडला, “अजून ७१च!”

सदतीस लोक आले, नऊ कॅसेट गेल्या. सव्वानऊला फाटकापाशी पोलिसांची मोटरसायकल थांबली. मी काचेत बसवायच्या आधीचा तो कागद हातात धरून धावलो. तक्रार आली होती खरी. कुणीतरी समोरच्या बंगल्याच्या दारात स्कूटर लावली होती.