नवरात्रातली कळसूबाई : धुकं नाही, ऊन भरपूर

पावसाळ्यात कळसूबाई करून आलेल्या कुणालाही विचारा की वरून काय दिसलं, उत्तर ठरलेलं, "धुकं". फोटोत पण तेच, रेनकोट घातलेली चार माणसं आणि मागे सगळं पांढरंफट्टक. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि वर जाऊन दिसतो काय तर शेजारच्याचा रेनकोट. म्हणून माझं आपलं म्हणणं की जायचं तर नवरात्रात जावं. ग्रुपवर हे टाकल्या टाकल्या "ऑक्टोबर हीटमध्ये मरायला कोण येणार" म्हणून बऱ्याच जणांनी अंग काढून घेतलं, शेवटी एका गाडीत मावतील एवढेच उरलो, ते बरंच झालं.

ठाण्याहून पहाटे अडीचला निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटीला चहा, मग सिन्नरच्या रस्त्याला लागून भंडारदऱ्याकडे वळायचं, पायथ्याचं बारी गाव त्याच रस्त्यावर लागतं. गाव अकोले तालुक्यातलं. पोचलो तेव्हा अंधारच होता पण गाव टक्क जागं, कारण घटस्थापनेपासून रोज आसपासच्या गावांतली माणसं देवीला वर जातात. म्हणजे आम्ही ट्रेकला आलेलो आणि बाकी सगळे दर्शनाला, त्यामुळे आमचे हेडटॉर्च, पोल वगैरे बघून पोरं जरा हसत होती.

सुरुवातीची वाट भातखाचरांतून जाते. उजाडायला लागलं तसं दिसलं की भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्या खाली वाकल्यात, काही खाचरं पिवळी पडायला लागलीत, बांधावर तेरडा अजून होता. वरच्या उतारावर नागली आणि वरई. पायथ्याशी देवीचं एक छोटं मंदिर आहे, ज्यांना वर चढणं जमत नाही ते इथेच नारळ फोडतात. आमच्यातल्या बँकवाल्याने तिथे पाच मिनिटं फार भक्तिभावाने विचार केला, मग आला बापडा.

त्यानंतर चढ सुरू होतो तो काही थांबत नाही. पायऱ्या, मग मुरमाची वाट, मग परत पायऱ्या, आणि मध्ये मध्ये त्या प्रसिद्ध लोखंडी शिड्या. एरवी शिड्यांचं काही वाटत नाही पण नवरात्रात वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकदमच येतात, त्यात कुणाच्या डोक्यावर प्रसादाची पाटी, कुणाच्या कडेवर पोरगं, तिथे आपण "एक्सक्यूज मी" करत बसलो तर दुपार होणार. गावातले एक बाबा शिडीच्या तोंडाशी उभे राहून आपणहून ट्रॅफिक सांभाळत होते, "आधी खालचं येऊ द्या, मग तुम्ही". सगळे मुकाट ऐकत होते.

उन्हाचं सांगायचं तर आठ वाजेपर्यंत काही नाही, नऊनंतर मान भाजायला लागते. वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या, जास्त होत नाही. आणि टपऱ्या आहेत, लिंबू सरबत, ताक, काकडी. दुसऱ्या शिडीच्या वर एका मावशींकडे बसलो, त्यांनी काकडी हातातच धरून उभी चिरली, चार फाका पण बुडाला जोडलेल्या, आत मीठ-तिखट भरून फुलासारखी उघडून हातात दिली. दिवसभरात खाल्लेली सगळ्यात भारी गोष्ट ती.

कळसूबाईची गोष्ट पण त्यांनीच सांगितली. कळसू नावाची पोरगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, अट एकच, केरकचरा आणि भांडी करणार नाही. एके दिवशी घरात पाहुणे आले आणि तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा, आणि तशीच डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. आमच्यातली एचआरवाली म्हणाली, जॉब डिस्क्रिप्शन मोडलं की असंच होतं. मावशींना ते कळलं नाही पण त्या हसल्या.

शेवटच्या टप्प्याला, विहिरीच्या वर, साखळ्या आहेत, मग शिडी आणि एकदम माथा. मंदिर एवढंसं की आत दोन-चार माणसं बसली तर झालं. त्यामुळे दर्शनाला रांग. आम्ही रांगेतूनच चारी बाजूंना बघत होतो आणि इथेच तीन तासांच्या चढाचे पैसे वसूल झाले. खाली भंडारदऱ्याचं पाणी काठोकाठ, १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन डॅमने अडवलेलं. त्याच्या पलीकडे रतनगड, शेजारच्या खुट्टा सुळक्यासकट. लांब हरिश्चंद्रगड. पूर्वेला पट्टा किल्ला, जिथे जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज येऊन राहिले आणि ज्याचं नाव विश्रामगड पडलं. पश्चिमेला एका ओळीत तीन कातळी किल्ले, त्यावरून आमच्यात भांडण, कोण म्हणे पहिला कुलंग, कोण म्हणे मदन, मोबाईलला रेंज नाही त्यामुळे कुणालाच गप्प करता येईना. शेवटी रांगेतल्या एका शाळकरी पोराने न बघताच सांगितलं, "जवळचा अलंग, मधला मदन, पल्याड कुलंग." विषय संपला. बँकवाल्याने तरी "साल्हेर दिसतो का" विचारलंच, वर "हा किल्ला साल्हेरपेक्षा उंच ना?" उंच आहे हो, पण कळसूबाई किल्ला नाहीये, नुसतं शिखर आहे, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला साल्हेरच.

उतरताना गुडघ्यांनी हिशेब मागितला. वरच्या सपाटीवर सोनकी अजून पिवळीधम्मक होती, ती जाताना नीट बघितलीच नव्हती, तिथे फोटोंचा अर्धा तास गेला. एकच वैताग, शिड्यांच्या आसपास प्लास्टिकच्या बाटल्या, आणि त्या दर्शनवाल्यांच्या कमी आणि आपल्यासारख्यांच्या जास्त, ब्रँड बघून कळतं.

दीडला बारीत. एका घरी पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात सांगून ठेवला होता, ओसरीवर पंगत बसली. ज्यांनी ऑक्टोबर हीटच्या नावाने नकार दिला होता त्यांना रेंज आल्या आल्या अलंग-मदन-कुलंगचा फोटो पाठवला. पहिला रिप्लाय आला, "धुकं नाही का?"