बोलेक्सचे तेलपाणी: माझा अनुभव

माझा बोलेक्स एच-१६ हा १६ मिमी फिल्मचा चलचित्र कॅमेरा एका दुरुस्तीच्या दुकानात कित्येक महिने पडून होता आणि विचारायला गेलो की "तेल मागवले आहे" एवढेच उत्तर मिळे. स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेला हा कॅमेरा चावी देऊन ताणलेल्या स्प्रिंगवर चालतो. त्याला लागणारे पातळ तेल कोणत्याही जाणत्या घड्याळजीच्या टेबलावर असते, हे त्या दुकानदाराला कोण सांगणार?

कॅमेरा परत मिळाला तेव्हा आतून गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा वास येत होता आणि बिलावर मात्र "संपूर्ण सर्व्हिसिंग" असे लिहिले होते. पूर्ण चावीत या कॅमेऱ्यातून सुमारे साडेसोळा फूट फिल्म सरकते, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने साधारण २८ सेकंद. माझा कॅमेरा मधेच रेंगाळून याहून बराच जास्त वेळ घेई. वेग वाढला की गव्हर्नरची, म्हणजे वेग एकसारखा राखणाऱ्या यंत्रणेची, वजने बाहेर फेकली जातात आणि घर्षणाने वेगाला लगाम बसतो. फवाऱ्याने सैल झालेले जुने ग्रीस नेमके तिथेच चिकटून बसले होते.

अखेर आमच्या पेठेतल्या घड्याळजीकाकांनी पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने तो राळेसारखा पिवळा थर काढला, सुईच्या टोकावर मावेल एवढेच तेल आसांच्या टोकांना लावले आणि दात्यांवर ग्रीसचा पुसट हात फिरवला. "डोळ्यांना तेल दिसलं, तर जास्त झालं समजा," असे त्यांनी बजावले. चांगला कारागीर आणि नुसता दुकानदार यांतला फरक मला तिथे दिसला.

फिल्मच्या खिडकीला, म्हणजे जिथे फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीला, तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तिथे साचलेली इमल्शनची (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी लेपाची) पुटे लाकडी काडीनेच खरवडावीत, कारण धातूचा ओरखडा उठला तर तो पुढच्या प्रत्येक रिळावर उमटतो. वेग तपासताना कॅमेऱ्यात एखादी वाया गेलेली फिल्म घालावी. रिकामा कॅमेरा सेकंदाला ६४ चौकटींच्या वेगाने पळवू नये.

खरे तर हे आधी सांगायला हवे होते: झाकण उघडण्यापूर्वी कॅमेरा चालवून चावी उतरवावी आणि तरीही स्प्रिंगच्या डब्याला हात लावू नये, कारण त्यात उरलेला ताण बोटे फोडू शकतो. कपाटात ठेवतानाही चावी उतरवलेलीच असावी.